तयार सॉफ्टवेअर-पॅकेजें व त्यांची प्रणालीपरत्वें परीक्षा

१. प्रस्तावना

हस्तलिखितांच्या याद्या संगणकावर ठेवण्याचा प्रघात आतां सर्वत्र पडत चालला आहे. रुमालाचा अनुक्रम, पुडक्याचा अंक, ग्रंथनाम, कर्ता, लेखनशक, पत्रसंख्या इतकी माहिती एकदां भरून ठेविली म्हणजे पाहिजे ती पोथी क्षणांत सांपडते. या सोयीच्या मुळाशीं जें सॉफ्टवेअर असतें तें आपल्यापैकीं कोणी स्वतः रचीत नाहीं. तें दुसऱ्या कोणीं, दुसऱ्या ठिकाणीं, दुसऱ्या यंत्रावर तयार करून त्याचा गठ्ठा बांधून ठेविलेला असतो व आपण तो उतरवून घेऊन चालूं करितों. अशा तयार गठ्ठ्यास 'पॅकेज' म्हणतात. एका यंत्रावर बांधलेलें पॅकेज दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या प्रणालींत तंतोतंत तसेंच वागेल काय, आणि वागेल हें ओळखावें कसें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इतिहाससंशोधनाच्या पत्रांत या विषयास जागा कां द्यावी, अशी शंका कोणी घेईल. तिचें उत्तर असें कीं, पॅकेज चालूं होणें व पॅकेज जुळणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जें पॅकेज मुळींच चालत नाहीं तें कोणास फसवीत नाहीं. परंतु जें चालतें आणि चालतां चालतां चुकीचें उत्तर देतें, त्यापासून संग्राहकाची मोठी हानि होते. यादींत नोंद असूनही यंत्र 'अशी पोथी नाहीं' असें सांगूं शकतें. आणि शेंकडों रुमालांच्या संग्रहांत जी पोथी यादींत सांपडत नाहीं ती असून नसल्यासारखी होते. ही भीति काल्पनिक नाहीं, हें पुढें सोदाहरण दाखविलें आहे.

२. तयार पॅकेज म्हणजे काय

सॉफ्टवेअर प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलें जातें. त्यास 'सोर्स' म्हणतात. यंत्रास ती भाषा कळत नसल्यानें सोर्साचें यंत्रभाषेंत रूपांतर करावें लागतें. या क्रियेस 'कंपाइल' करणें म्हणतात. प्रत्येकानें सोर्स घेऊन आपापल्या यंत्रावर कंपाइल केलें तर जुळणीचा प्रश्न पुष्कळसा तेथेंच मिटतो. परंतु त्यास वेळ व माहिती दोन्हीं लागतात. म्हणून रूपांतर एकदांच करावें व तें सर्वांस वाटावें अशी रीति पडली. प्रश्नाचा आरंभ येथूनच होतो. कारण रूपांतर ज्या यंत्रावर झालें त्या यंत्राच्या खुणा पॅकेजांत राहून जातात.

टीकाग्रंथांच्या पोथ्या दोन प्रकारच्या असतात, हें वाचकांस सांगावयास नकोच. कांहींत मूळ व टीका दोन्हीं लिहिलेलीं असतात. कांहींत मूळ नसतें. श्लोकाच्या आरंभींचीं एकदोन पदें प्रतीक म्हणून घेऊन टीका पुढें चालते. दुसऱ्या प्रकारची पोथी आटोपशीर होते; परंतु वाचणाऱ्यापाशीं मूळग्रंथ वेगळा असावा लागतो, आणि तोही टीकाकारासमोर जो पाठ होता त्याच पाठाचा. पाठ निराळा असला तर प्रतीक जुळत नाहीं; किंवा त्याहून वाईट म्हणजे प्रतीक जुळतें आणि अर्थ जुळत नाहीं.

तयार पॅकेजें बहुधा या दुसऱ्या प्रकारचीं असतात. फाइल उघडणें, स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं उतरविणें, शब्द वर्णानुक्रमानें लावणें, हीं नित्याचीं कामें पॅकेज स्वतः करीत नाहीं. तीं ज्या प्रणालींत चालावयाचें तेथील सामायिक लायब्ररीकडून तें करवून घेतें, आणि आपल्यापाशीं त्या कामांचीं केवळ नांवें ठेवितें. लिनक्स कुळांतील बहुतेक प्रणालींत या लायब्ररीचें नांव 'ग्नू सी लायब्ररी', संक्षेपानें 'ग्लिबसी', असें आहे. पॅकेज बांधतांना ग्लिबसीचा एक पाठ समोर होता व चालवितांना दुसरा पाठ आहे, ही स्थिति नेहमींचीच होय. तेव्हां या दोन पाठांतील भेद कोठें निरुपद्रवी आहे व कोठें घातक आहे, हें ठरविणें हेंच जुळणी-परीक्षेचें मुख्य प्रयोजन होय.

३. जे दोष स्वतः बोलतात

जुळणी मोडण्याचीं चार ठिकाणें अशीं आहेत कीं तेथें दोष झांकून राहत नाहीं.

पहिलें ठिकाण यंत्रभाषेचें. इंटेल व एएमडी यांच्या प्रोसेसरांची 'एक्स८६-६४' ही एक भाषा व आर्म प्रोसेसरांची दुसरी. एकीसाठीं कंपाइल केलेलें पॅकेज दुसरीवर आपणहून चालत नाहीं. एकाच भाषेंतही जुनेनवे आदेश असतात. इ. स. २०२० मध्यें एक्स८६-६४ भाषेचे चार स्तर ठरविण्यांत आले. रेड हॅट लिनक्सची नववी आवृत्ति (२०२२) दुसऱ्या स्तराखालील यंत्रावर चालत नाहीं व दहावी (२०२५) तिसऱ्या स्तराखालील यंत्रावर चालत नाहीं. नव्या यंत्रावर परीक्षा करणारास हा दोष कधींच दिसणार नाहीं. जुना संगणक वापरणाऱ्या संग्राहकास मात्र तो पहिल्याच वेळीं दिसेल.

दुसरें ठिकाण पॅकेजांतील कार्यवाही फाइलच्या घडणीचें. विंडोजमध्यें या घडणीस 'पीई', लिनक्समध्यें 'एल्फ' व मॅकमध्यें 'माक-ओ' म्हणतात. एका घडणीची फाइल दुसऱ्या प्रणालीस उघडतांच येत नाहीं.

तिसरें ठिकाण लोडराचें. फाइल स्मृतींत आणून तिला लायब्ररीशीं जोडून देणारा जो लहान कार्यक्रम तो लोडर. त्याचा पत्ता फाइलीच्या आंतच लिहिलेला असतो. अल्पाइन लिनक्समध्यें इ. स. २०१४ पासून ग्लिबसीच्या जागीं 'मसल' नांवाची लायब्ररी आहे व तिचा लोडर निराळ्या पत्त्यावर असतो. ग्लिबसीवर बांधलेलें पॅकेज तेथें नेलें तर 'फाइल सांपडत नाहीं' असा संदेश येतो. फाइल तर डोळ्यांसमोर असते. सांपडत नाहीं तो लोडर. संदेशाचा शब्दशः अर्थ घेणारा मनुष्य येथें भलतीकडेच शोध करीत बसतो.

चौथें ठिकाण नांवांच्या आवृत्तीचें. ग्लिबसी आपल्या प्रत्येक कामाच्या नांवास आवृत्तीचा अंक जोडते. पॅकेज २.१४ या अंकाचें नांव मागत असेल व प्रणालींत २.१२ ही आवृत्ति असेल, तर 'ग्लिबसी २.१४ सांपडत नाहीं' अशा अर्थाचा संदेश देऊन पॅकेज आरंभींच थांबतें. नांवास अंक जोडण्याची ही रीति किती मोलाची आहे, हें पुढील प्रकरणावरून कळून येईल.

४. जो दोष बोलत नाहीं: 'मेमकॉपी'चें प्रकरण

स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं उतरविण्याच्या कामास सी भाषेंत 'मेमकॉपी' असें नांव आहे. दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर हें काम वापरूं नये, त्यासाठीं 'मेममूव्ह' हें दुसरें काम आहे, असा सी भाषेचा नियम आहे. परंतु जुनी ग्लिबसी मजकूर आरंभापासून शेवटाकडे उतरवीत असल्यानें नियम मोडणाऱ्या सॉफ्टवेअरचेंही बहुधा निभावून जात असे.

इ. स. २०१० मध्यें ग्लिबसीच्या कर्त्यांनीं गतीसाठीं कांहीं प्रोसेसरांवर मजकूर शेवटाकडून आरंभाकडे उतरविण्यास प्रारंभ केला. नियमाच्या दृष्टीनें यांत वावगें कांहीं नव्हतें. त्याच वर्षीं निघालेल्या फेडोरा १४ या प्रणालींत ही लायब्ररी आली, आणि अडोबी कंपनीच्या फ्लॅश प्लेअरमधून येणारा आवाज विकृत होऊं लागला. फ्लॅश हें तयार पॅकेज होतें. त्यांतील एकही अक्षर बदललें नव्हतें. तें चालूं होत होतें, कोणताही संदेश देत नव्हतें, आणि तरी त्याचें काम बिघडलें होतें.

लायब्ररी नियमाप्रमाणें शुद्ध व पॅकेज अशुद्ध, तेव्हां दोष पॅकेजाचा, असें एका पक्षाचें म्हणणें. वापरणाऱ्याचें काम मोडलें तर नियमाचा आधार दाखवून काय उपयोग, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें. लिनक्सचे मूळ कर्ते लिनस टोरवाल्ड्स हे दुसऱ्या पक्षाचे होते. इ. स. २०११ मध्यें ग्लिबसी २.१४ निघाली तींत या वादाचा निकाल असा लागला कीं, नव्या वर्तनाच्या मेमकॉपीस २.१४ हा नवा अंक द्यावा, व जुन्या अंकाचें नांव मागणाऱ्या पॅकेजांस मेममूव्हप्रमाणें सुरक्षित वागणारें काम द्यावें. पाठ बदलला, पण जुना पाठही त्याच्या खुणेसह जपून ठेविला. पाठभेद टीपेंत देणाऱ्या संपादकाची जी रीति, तीच ही होय.

या प्रकरणापासून परीक्षकानें एक गोष्ट घ्यावी. पॅकेज बदललें नाहीं म्हणून परीक्षा पुन्हां करण्याचें कारण नाहीं, हें म्हणणें टिकत नाहीं. परीक्षा पॅकेज व प्रणाली यांच्या जोडीची असते. जोडींतील एक बदललें कीं पूर्वींचा निर्णय जुना झाला.

५. नाममुद्रा व तिचें प्रामाण्य

पायथन भाषेचीं तयार पॅकेजें 'व्हील' या नांवानें ओळखलीं जातात. इ. स. २०१६ पर्यंत पायथनच्या सार्वजनिक भांडारांत लिनक्ससाठीं कंपाइल केलेलीं व्हीलें घेतच नसत. लिनक्स कुळांतील प्रणाली इतक्या निरनिराळ्या कीं एकावर बांधलेलें दुसरीवर चालेल याची हमी देतां येत नव्हती. त्या वर्षीं 'पेप ५१३' या प्रस्तावानें 'मेनीलिनक्स१' अशी नाममुद्रा ठरविण्यांत आली. तिचें तत्त्व साधें आहे. ग्लिबसी जुनीं नांवें सोडून देत नाहीं. म्हणून जुन्या प्रणालीवर बांधलेलें नव्या प्रणालीवर चालावें, नव्यावर बांधलेलें जुन्यावर चालेलच असें नाहीं. यास्तव सेंटओएस ५ ही त्या वेळीं जुनी झालेली प्रणाली व तिच्यांतील ग्लिबसी २.५ ही मर्यादा धरून पॅकेज बांधावें असें ठरलें. पुढें सेंटओएस ६ (ग्लिबसी २.१२) व सेंटओएस ७ (ग्लिबसी २.१७) यांच्या मर्यादेच्या मुद्रा आल्या. इ. स. २०१९ च्या 'पेप ६००' नें ग्लिबसीचा अंकच मुद्रेंत लिहिण्याची सोय केली, व मसल लायब्ररीसाठीं 'मसललिनक्स' ही वेगळी मुद्रा इ. स. २०२१ मध्यें आली.

मुद्रा देण्यापूर्वीं 'ऑडिटव्हील' नांवाच्या साधनानें पॅकेज तपासतां येतें. पॅकेज कोणत्या लायब्ररीचीं कोणत्या अंकाचीं नांवें मागतें हें तें वाचून दाखवितें. ज्या इतर लायब्ऱ्या सर्वत्र असतीलच असें नाहीं त्यांच्या प्रती तें पॅकेजाच्या आंत घालूनही देतें. म्हणजे प्रतीकांची पोथी कांहीं अंशीं समूल करून देतें.

ही व्यवस्था उत्तम आहे व तिच्यायोगें पुष्कळ त्रास वांचला आहे. तथापि तिचें प्रामाण्य कोठपर्यंत पोहोंचतें हें नीट ओळखलें पाहिजे. मुद्रा हें शब्दप्रमाण होय. ऑडिटव्हील नांवें पाहतें. त्या नांवामागील काम प्रणालींत कसें होतें हें पाहत नाहीं. फ्लॅशच्या प्रकरणांत नांवें सर्व जुळत होतीं. पॅकेज प्रोसेसराच्या कोणत्या स्तराचे आदेश वापरतें, हेंही मेनीलिनक्सच्या मुद्रेवरून कळत नाहीं. पोथीच्या वेष्टनावर ग्रंथाचें नांव आहे एवढ्यावरून आंत तोच ग्रंथ पूर्ण व शुद्ध आहे असें आपण धरीत नाहीं. वेष्टन सोडून पत्रें पाहतों. येथेंही प्रत्यक्षाचा अवलंब केल्यावांचून गत्यंतर नाहीं.

६. यादींतील नोंद नाहींशी कशी होते

आतां संग्राहकांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळूं.

पोस्टग्रेस हें याद्या ठेवण्याचें एक प्रसिद्ध व विश्वासू सॉफ्टवेअर आहे. मोठ्या यादींत शोध लवकर लागावा म्हणून तें नोंदींचा एक 'इंडेक्स' करून ठेवितें. इंडेक्स म्हणजे क्रमानें लावलेली सूचि. शोधतांना यंत्र सूचीच्या मध्यावर पाहतें; पाहिजे ती नोंद मध्यल्या नोंदीच्या आधींची असेल तर अलीकडचा अर्धा भाग घेतें, नंतरची असेल तर पलीकडचा. शब्दकोश उघडून शब्द पाहण्याची आपली रीतिही हीच आहे. 'आधींची' व 'नंतरची' हें ठरविण्याचे नियम मात्र पोस्टग्रेस सामान्यतः स्वतः ठेवीत नाहीं. ते ग्लिबसीस विचारतें.

ऑगस्ट २०१८ मध्यें निघालेल्या ग्लिबसी २.२८ या आवृत्तींत हे क्रमनियम आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या नव्या आवृत्तीस अनुसरून बदलण्यांत आले. बदल किती लहान दिसतो व किती खोल जातो हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एका संग्रहांत रुमालाचा व पुडक्याचा अंक संयोगरेषेनें जोडून लिहितात असें समजूं, म्हणजे '१-२' याचा अर्थ पहिल्या रुमालांतील दुसरें पुडकें. आणि सुट्या पोथ्यांस ११, १२ असे एकेरी अनुक्रम दिले आहेत. (यंत्रांत हे अंक इंग्रजी आहेत असें समजावें.) जुन्या नियमांत संयोगरेषा प्रथमदर्शनीं जमेस धरीत नसत, म्हणून १-१ हें ११ च्या शेजारीं पडे. नव्या नियमांत संयोगरेषा अंकांच्या आधीं येते. त्यामुळें चार नोंदींचे दोन क्रम असे होतात:

जुना क्रम: ११, १-१, १२, १-२.
नवा क्रम: १-१, १-२, ११, १२.

इंडेक्स जुन्या प्रणालींत तयार झाला, तेव्हां तो पहिल्या क्रमानें लागला. पुढें प्रणाली नवी केली. पोस्टग्रेसच्या फाइली जशाच्या तशा ठेविल्या. आतां कोणी १-२ हें पुडकें मागितलें. यंत्रानें मध्यावर १२ ही नोंद पाहिली. नव्या नियमाप्रमाणें १-२ हें १२ च्या आधीं येतें. म्हणून तें अलीकडच्या भागांत गेलें. तेथें ११ व १-१ एवढेंच आहे. उत्तर आलें: नोंद नाहीं. वस्तुतः ती नोंद १२ च्या पलीकडे पहिल्यापासून बसलेली आहे. सर्व नोंदी ओळीनें वाचल्या तर ती सांपडते. इंडेक्सच्या वाटेनें शोधली तर सांपडत नाहीं.

इतकेंच नव्हे. एक अंक दोन पोथ्यांस देतां येऊं नये म्हणून जो प्रतिबंध घातलेला असतो, तोही याच इंडेक्सवर अवलंबून असतो. १-२ ही नोंद नाहीं असें यंत्रास वाटल्यामुळें तें दुसरी १-२ खुशाल भरूं देतें. यादी मुकाट्यानें दूषित होते, व दूषित झाल्याची वार्ताही कोणास लागत नाहीं.

डेबियन ९ मध्यें ग्लिबसी २.२४ होती, डेबियन १० मध्यें २.२८ आली, रेड हॅट ७ मध्यें २.१७ होती, ८ मध्यें २.२८ आली. डेबियन १० व रेड हॅट ८ या दोन्ही प्रणाली इ. स. २०१९ मध्यें निघाल्या. ज्यांनीं त्यानंतर जुन्या फाइली नव्या प्रणालीवर तशाच नेल्या, किंवा मुख्य यादी जुन्या यंत्रावर ठेवून तिची चालती नक्कल नव्या यंत्रावर ठेविली, त्यांच्या याद्यांस हा धोका पोहोंचला. ज्यांनीं सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपानें बाहेर काढून नव्या ठिकाणीं पुन्हां भरल्या त्यांचा इंडेक्स नव्यानेंच लागला. ते सुखरूप राहिले. केवळ संकेतांकांच्या क्रमानें लावणारी जी 'सी' पद्धति, तिच्यांतही हा दोष उद्भवला नाहीं.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, पोस्टग्रेसचें जुन्या प्रणालीवरील पॅकेज तेथें परीक्षा करतां निर्दोष ठरतें, व नव्या प्रणालीवरील पॅकेज तेथें निर्दोष ठरतें. दोष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाणाऱ्या फाइलींच्या प्रवासांत आहे. प्रत्येक प्रणालीची निराळी परीक्षा कितीही कसून केली तरी तो हातीं लागावयाचा नाहीं.

उपाय सोपा आहे. 'रीइंडेक्स' ही आज्ञा दिली असतां इंडेक्स नव्या नियमानें पुन्हां लागतो. मधल्या काळांत दुबार नोंदी शिरल्या असतील तर त्या मात्र आधीं हातानें निवडून काढाव्या लागतात. इंडेक्सचा क्रम तपासण्यासाठीं पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१७) 'एमचेक' हें साधन बरोबर येतें. पंधराव्या आवृत्तीपासून (२०२२) यादी करतांना क्रमनियमांची कोणती आवृत्ति होती हें पोस्टग्रेस टिपून ठेवितें, व भेद दिसल्यास सूचना देतें. ही सूचना वाचून बाजूस सारण्याजोगी नाहीं.

७. परीक्षेची रीति

वरील विवेचनावरून परीक्षेची जी रीति निष्पन्न होते ती क्रमानें सांगतों.

प्रथम, प्रणालींची वंशावळ मांडावी. उबुंटू ही डेबियनपासून निघाली व लिनक्स मिंट उबुंटूपासून. रॉकी व अल्मा या रेड हॅटच्या वंशांतल्या. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध करतांना अनेक लिपींतील प्रती ताडून पाहिल्या, तेव्हां प्रतींची नुसती संख्या न पाहतां त्यांचीं कुळें लाविलीं. एका आदर्शावरून उतरलेल्या दहा प्रती दहा साक्षी होत नाहींत. त्याचप्रमाणें एकाच ग्लिबसीवर उभ्या असलेल्या पांच प्रणालींवर पॅकेज चाललें, तर लायब्ररीपुरती ती एकच साक्ष झाली. डेबियन वंशांतील एक, रेड हॅट वंशांतील एक व मसल वापरणारी एक, अशा तीन परीक्षा त्या पांचांहून अधिक सांगतात.

दुसरें, प्रत्येक वंशांतील सर्वांत जुनी व सर्वांत नवी अशीं दोन टोकें घ्यावीं. जुन्या टोंकास 'नांव सांपडत नाहीं' हा दोष दिसतो. नव्या टोंकास मेमकॉपीसारखा वर्तनाचा दोष दिसतो.

तिसरें, परीक्षा कोऱ्या प्रणालीवर करावी. ज्या यंत्रावर पॅकेज बांधलें तेथें लागणारी प्रत्येक लायब्ररी आधींच हजर असते. तेथें केलेली परीक्षा म्हणजे लेखकानें आपली प्रत आपणच ताडून पाहणें होय. तसेंच, सोर्साची परीक्षा झाली म्हणून पॅकेजाची झाली असें मानूं नये. जो गठ्ठा लोकांच्या हातीं जावयाचा तोच उतरवून, बसवून, चालवून पाहावा.

चौथें, 'कंटेनर' नांवाच्या सोयीनें एकाच यंत्रावर अनेक प्रणाली मांडून पाहतां येतात. परंतु कंटेनरांत लायब्ररी तेवढी निराळी येते. कर्नल व प्रोसेसर हीं मूळ यंत्राचींच राहतात. म्हणून प्रोसेसराच्या स्तराचा किंवा कर्नलाचा दोष कंटेनरांत प्रकट होत नाहीं; त्यासाठीं खरोखरीचें जुनें यंत्र, निदान त्याचें हुबेहूब अनुकरण करणारें सॉफ्टवेअर पाहिजे.

पांचवें, ज्याचें उत्तर आधींच ठाऊक आहे असा नमुना पॅकेजास द्यावा. आपल्या कामास उपयोगी पडेल असा नमुना आम्ही सुचवितों. (अ) वर दिलेले ११, १-१, १२, १-२ हे चार अंक. (आ) ल, ळ, ह, क्ष, ज्ञ यांनीं आरंभ होणारे किंवा ते पोटांत असलेले शब्द. आपल्या वर्णमालेंत ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असा क्रम शिकवितात. यूनिकोडच्या तक्त्यांत ळ हा ल च्या लगेच पुढें आहे, आणि क्ष व ज्ञ यांस स्वतंत्र स्थान नसून ते अनुक्रमें क व ज यांपासून जोडून होतात. यंत्र कोणता क्रम लावितें तें टिपून ठेवावें. (इ) 'तऱ्हा', 'दऱ्या' असे शब्द. यांतील अर्धा रकार यूनिकोडांत दोन प्रकारें लिहितां येतो. डोळ्यांस दोन्हीं सारखेच दिसतात, परंतु एका प्रकारें लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकारें शोधल्यास सांपडेलच असें नाहीं. (ई) मोडींतील दोनचार अक्षरें. यूनिकोडांत मोडी इ. स. २०१४ मध्यें, सातव्या आवृत्तींत आली. त्यापूर्वींच्या लायब्ररीच्या कोष्टकांत तीं अक्षरें असणें संभवत नाहीं. तेव्हां पॅकेज नवें असूनही प्रणाली जुनी असली तर तीं अक्षर म्हणून ओळखलीं जाणार नाहींत.

सहावें, तिरकी परीक्षा करावी. जुन्या प्रणालीवर यादी करून ती नव्या प्रणालीवर उघडावी. शक्य असल्यास उलटही करून पाहावें. एकच शोध एकदां इंडेक्सच्या वाटेनें व एकदां सर्व नोंदी ओळीनें वाचून करावा. दोन्हीं उत्तरें सारखीं आलीं पाहिजेत.

सातवें, दोष आढळला तर अन्वय-व्यतिरेकानें कारण ठरवावें. पॅकेज तेंच ठेवून लायब्ररी बदलावी. लायब्ररी तीच ठेवून यंत्र बदलावें. दोन्हीं तींच ठेवून यादीच्या फाइली बदलाव्या. जें असतां दोष असतो व जें काढतां दोष जातो तें कारण. एका वेळीं दोन गोष्टी बदलल्या तर कोणत्याही निष्कर्षास प्रामाण्य राहत नाहीं.

८. उपसंहार

पोथीच्या शेवटीं पुष्पिका असते म्हणून लेखनाचा शक, स्थळ व लेखक आपणांस कळतात, आणि जिला पुष्पिका नाहीं त्या पोथीचा काल ठरवितांना किती यातायात पडते हें या पत्राच्या वाचकांस ठाऊक आहे. संगणकावरील यादीसही अशीच पुष्पिका असावी, अशी आमची सूचना आहे. यादी कोणत्या प्रणालीवर, कोणत्या पॅकेजाच्या कोणत्या आवृत्तीनें, ग्लिबसीच्या कोणत्या अंकावर व कोणत्या क्रमनियमानें केली. शेवटची परीक्षा केव्हां, कोणत्या नमुन्यानें केली व काय उत्तर आलें, एवढें साध्या मजकुरांत लिहून यादीबरोबर ठेवावें. यादीची एक प्रत केवळ साध्या मजकुराच्या रूपानें वर्षांतून एकदां तरी बाहेर काढून ठेवावी. कारण आज वापरांत असलेलें कोणतेंही पॅकेज पोथ्यांइतकें टिकणारें नाहीं, व सेंटओएस ५ व सेंटओएस ७ या प्रणालींचा पुरस्कार अनुक्रमें इ. स. २०१७ व २०२४ मध्यें थांबलाच आहे.

ज्यांच्या याद्या इ. स. २०१९ पूर्वींच्या असून मध्यंतरीं यंत्र किंवा प्रणाली नवी झाली आहे, त्यांनीं सातव्या कलमांतील नमुना घेऊन एकदां तरी शोध करून पाहावा. यादींत नाहीं म्हणून जी पोथी गहाळ समजून सोडून दिली असेल, ती कदाचित् आपल्याच फडताळांत, आपल्या जागीं, असलेली आढळून येईल.